दिल्लीच्या पार्काची गाडी

“फोटो राहू द्या मॅडम. एवढंच सांगा, जाऊन फायदा होते का नाई?”

काउंटरच्या त्या बाजूला मनोहरराव उभे. देवळीच्या जिनिंगमध्ये फिटर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर सुरू होतो, तोवर तिथली माणसं तशी मोकळी. मी त्यांच्यापुढं मासिकातलं रंगीत कात्रण धरलं होतं, दिल्लीच्या नव्या पार्काचं, त्यात हा एवढा मोठा आकाशपाळणा! ते कात्रणाकडे पाहतच नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहत होते, डॉक्टरच्या तोंडाकडे पाहतात तसे.

“फायदा म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे घरचे लोकं खूश होतात का?”

“होणारच ना! टक्कर मारायच्या मोटारी आहेत, छोटी रेल्वे आहे, पाण्यात धपकन पडणारी नाव आहे. लेकरं तर तिथून निघायचं नाव घेणार नाहीत!”

“लेकरं नाई,” ते म्हणाले. “मोठे माणसं.”

मी पार्क पाहिलंच नव्हतं. दिल्लीसुद्धा नाही. जे काही पाहिलं ते शेजारच्यांच्या टीव्हीवर, तेही लोकांच्या डोक्यांवरून. पण सहलीची कल्पना माझी, जाहिरात पण मीच टाइप केलेली. म्हटलं, “मोठी माणसं पण होतात खूश.”

ते “बरं” म्हणाले आणि गेले. तिकीट काही काढलं नाही.

थांबा, आधी आमचं ऑफिस सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्ध्याला बसस्टँडजवळ आमची यात्रा कंपनी आहे. यात्रा कंपनी म्हणजे एक भाड्याची बस, टपावर धान्याची पोती, कढया, स्टोव्ह, सोबत एक स्वयंपाकी, त्याला महाराज म्हणायचं, आणि एक मॅनेजर. काशी, रामेश्वर, जगन्नाथपुरी. माणसं घरून अंथरूण आणतात, रात्री धर्मशाळेत पथारी टाकतात, सकाळी महाराजांचे पोहे खाऊन दर्शनाला जातात. मालकांना सगळे काकाजी म्हणतात. मी कुंदा, टायपिस्ट. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि लगेच इथं लागले.

पार्काची गाडी काढायचं मी सुचवलं तेव्हा काकाजी चष्मा काढून माझ्याकडे पाहतच राहिले.

“देव नाई, तीर्थ नाई, अन् झुला खेळाले वर्ध्याहून दिल्ली? कोण येईन?”

“लेकरंवाले येतील काकाजी. नोकरीवाल्यांना प्रवासाची सवलत मिळते, ते काय दरवेळी काशीला जाणार? आणि वाटेत आग्रा आहे, मथुरा आहे. मथुरा तर तीर्थच झालं!”

मथुरेनं काम केलं. “कर टाइप,” ते म्हणाले. “पण गाडी आपल्या रिवाजानंच चालीन, हे ध्यानात ठेव.”

मी ध्यानात बिनात काही ठेवलं नाही. कागद लावला आणि ‘खास कौटुंबिक सहल’ असं ठळक अक्षरात बडवलं.

मनोहरराव येऊन गेले त्याच आठवड्यात एक बाई आल्या. आष्टीहून पहिल्या बसनं. सोबत भाऊ होता, तो बाहेर पानठेल्यावर थांबला. बाईंनी आत येऊन पदर सारखा केला आणि उभ्यानंच विचारलं, “तुमच्या पार्कात गर्दी असते का?”

“चिक्कार!” मी खुशीत.

त्यांचं तोंड उतरलं. “मग बोलता नाई येणार.”

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ह्या सुमनताई, मनोहररावांच्या बायको. वर्षभरापासून दोन पोरींना घेऊन माहेरी राहत होत्या. मी विचारू नये ते विचारलं, “भांडण झालं का?”

“भांडण कायचं? भांडाले दोन माणसं लागतात.” त्या शांतपणे सांगत होत्या, जणू दुसऱ्याच कोणाचं. “मारत नाई, पेत नाई, पगार आणून देते. बोलतच नाई. जेवला की पानठेल्यावर, तिकून आला की भिंतीकडे तोंड. माह्या घरात बाप्या हाय का खुंटी हाय, समजत नाई मले. मी तापानं फणफणली होती, तवा बी काई विचारलं नाई. अन् हे बैठकीत सांगा त चार लोकं म्हणतात, मारत नाई न, मग काय दुखते तुले?”

बैठक म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून निवाडा करतात ती. त्या बैठकीत असं ठरलं होतं की दिवाळीच्या सुट्ट्यांत चौघांनी एकदा सोबत फिरून यावं, आणि परत आल्यावर सुमनताईंनी सांगावं, देवळी की आष्टी. मग कोणी मध्ये बोलायचं नाही.

“दिल्लीची गोठ त्यानंच काढली,” सुमनताई म्हणाल्या. “लगन झाल्यापासून पह्यल्यांदा चार लोकांत तोंड उघडलं. म्हणे, पोरीइले पार्क दाखवू. म्हणून मी हो म्हणलं. मले वाटलं, घराबाहेर निघाला त बोलीन कदाचित.” मग माझ्याकडे नीट पाहिलं. “खरं सांगजा बाई. जाण्यासारखं हाय का?”

आणि मी सांगितलं! असं सांगितलं की विचारू नका. म्हटलं, पार्कातली गर्दी सोडा. गाडीतले दिवस मोजा. जाताना येताना बाजूबाजूला बसाल, रात्र-दिवस. न बोलून जाईल कुठं माणूस?

त्या हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. भावाला आत बोलावून चार सीटा बुक केल्या.

आता सीटचा तक्ता. गाडी निघायच्या आधी कोण कुठं बसणार याचा तक्ता टाइप करून गाडीच्या दाराला चिकटवतात, म्हणजे चढताना मारामारी नको. मी तो कुटुंबवार केला. मनोहरराव आणि सुमनताई एका सीटवर, पोरी पलीकडच्या. फार मन लावून केला. काकाजींनी तो हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

“हे काय केलं कुंदा?”

“फॅमिली टूर आहे ना काकाजी. फॅमिलीवार बसवलं.”

“बाया पुढं, बाप्ये मागं. माहा बाप कंपनी चालवे तवापासून.”

“पण काऊन?”

मला वाटलं ते रागावतील. ते खुर्ची ओढून बसले. “रातच्या रस्त्यानं माणूस झोपते. मान कोणाच्या बी खांद्यावर पडते. आजूबाजूले परके बाप्ये असले त बाई रातभर डोळा लावत नाई. पुढं सगळ्या बायाच असल्या की पाय पोटाशी घेऊन बिनघोर झोपते. घरचे लोकं आपल्या बाया कोणाच्या भरोशावर पाठवतात? बसच्या? आपल्या.”

हे खरं होतं. मी स्वतः बाई आहे, मला माहीत आहे. तरी मी सुमनताईंचं सगळं सांगून टाकलं. भराभरा, एका दमात.

“एका जोडप्यापुरतं करू ना काकाजी.”

“एकाले केलं की मागचे विचारतात, त्याले काऊन अन् आमाले काऊन नाई. नाई जमत.” मग म्हणाले, “वाटेत कोणी अदलाबदल केली, कोणाची ना नसली, त मी काई पाहाले येत नाई. अन् हे पाय, तूच जाजो संग. बायाइची मॅनेजर म्हणून.”

मी टुणकन उडाले! दिल्ली! पगारी! त्या आनंदात तक्ता पुन्हा टाइप केला, बाया पुढं, बाप्ये मागं.

निघायच्या दिवशी मनोहरराव सगळ्यांच्या आधी हजर. नवा टेरिलीनचा शर्ट, डोक्याला तेल. पुढच्या एका सीटवर त्यांनी आपला टॉवेल पसरून ठेवला होता, दोघांच्या जागेवर, नीट सुरकुत्या काढून. तक्ता त्यांनी वाचलाच नव्हता. आमचे गाडीचे मॅनेजर बंडूभाऊ चढले आणि म्हणाले, “दादा, बाप्ये मागं.”

मनोहररावांनी टॉवेल उचलला, घडी केली आणि मागं गेले. सुमनताई पोरींना घेऊन चढत होत्या, त्यांनी हे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही त बाजूबाजूले म्हणल्या होत्या.”

मी रिवाज सांगितला. काकाजींचं मान-खांद्याचं सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या. अगदी मनोहररावांसारखंच.

त्यांच्या शेजारी आल्या सिंदी मेघेच्या वानखेडेबाई. नागपूर यायच्या आधी त्यांनी अख्ख्या गाडीची माहेर-सासरं विचारून घेतली. पुढच्या भागात नुसता दंगा. भेंड्या, चिवडा, कोणाच्या सासूच्या नकला. सुमनताई हसत होत्या, खरंच हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मागं उलट्या डब्यावर पत्ते चालले होते. मनोहरराव खेळत नव्हते. पत्त्यांच्या कडेला बसून पुढं पाहत होते. पुढं म्हणजे बायकोच्या डोक्याची मागची बाजू, तेवढीच तिथून दिसत होती.

मोठी पोरगी रंजू, दहा वर्षांची असेल, ती मधल्या वाटेनं ये-जा करायची.

“आई, बाबा विचारतात, मळमळून राह्यलं का?”

“सांग, नाई.”

थोड्या वेळानं, “आई, बाबा म्हणतात, खिडकी लाव, थंडी हाय.”

सुमनताईंनी खिडकी लावली. मग बराच वेळ गेला आणि त्या स्वतःहून म्हणाल्या, “रंजे, विचार त्याइले, चादर पाह्यजे का?”

मी तर हरखूनच गेले. चाललं की! असंच चालू दे! तेवढ्यात वानखेडेबाई मोठ्यानं म्हणाल्या, “अव्वा, हे नवरा-बायको हाय का टपालखातं?”

अख्खी गाडी हसली. मागचे बाप्येही. त्या वाईट नव्हत्या हो, त्यांना काही माहीत नव्हतं. पण रंजू लाल झाली, आईच्या कुशीत तोंड घातलं आणि नंतर काही केल्या मागं जाईना. चादर राहिली ती राहिलीच.

आग्रा झालं, मथुरा झालं. दिल्लीला धर्मशाळेत बाया वरच्या मजल्यावर, बाप्ये खाली. सकाळी चहाच्या रांगेत दोघं समोरासमोर यायची, पण तिथं हातात कप आणि मागून धक्के.

आणि मग पार्क! मी खोटं का सांगू, मी वेडी झाले. रंग काय, बाजा काय, लेकरं काय ओरडत होती! आकाशपाळणा दुरूनच दिसत होता, मान मोडेपर्यंत उंच. तिकिटाला बायांची खिडकी वेगळी होती, रांग छोटी, आम्ही झटकन आत. बाप्यांची रांग लांबलचक. बाकीच्या बाया पळाल्या. सुमनताई दाराशी उभ्या राहिल्या. छोटी मनी हात ओढत होती, तरी उभ्या.

“येऊ दे त्याइले,” म्हणाल्या.

ते आले. पण त्यांच्या मागोमाग सामान आलं. यात्रेचा आणखी एक रिवाज सांगते. देवळात जाताना एक माणूस बाहेर चपला आणि पिशव्या सांभाळत बसतो. दर देवळाला माणूस बदलायचा असतो, पण आमच्या गाडीत मथुरेपासून मनोहररावच बसत होते, कारण ते नाही म्हणत नाहीत. पार्कात देव नव्हता, देऊळ नव्हतं, तरी लोकांनी आत शिरल्या शिरल्या डबे, पिशव्या, स्वेटरं त्यांच्यापाशी आणून टाकली. “मनोहरराव, तुम्ही काई झुल्यात बसणारे नाई, बसा इथं सावलीत.” आणि ते बसले.

मी म्हटलं, आज नाही! सुमनताईंना आणि पोरींना पाळण्याच्या रांगेत उभं केलं. पाळण्याच्या एका डब्यात चार माणसं बसतात. खालचा माणूस ओरडत होता, “चार! चार जन!” रांग पुढं सरकली, आमच्या पुढं दोन-तीनच कुटुंबं राहिली, तशी मी धावत सुटले.

“मनोहरराव, उठा! मी बसते सामानापाशी. तिकडे जागा आहे तुमची.”

त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे.

“तुम्ही बायमाणूस. एकट्या कशा बसान इथं, परक्या गावात?”

“बसते ना! उठा आधी!”

“लोकं भरोशानं ठेवून गेले, मॅडम. काई गेलं त कोणाले तोंड दाखवू?” मग हळू म्हणाले, “तुम्ही जा त्याइच्या संग. वरून भेव वाटते म्हणतात. मी इथूनच पाह्यतो.”

तिकडून मनी किंचाळत होती, डबा उघडला होता. मी काय करू? धावत गेले आणि चौथ्या जागेवर मीच बसले.

सुमनताईंनी विचारलं नाही, काऊन. पाळणा वर गेला. वरून दिल्ली धुरकट दिसत होती, कुठं संपते कळत नव्हतं. खाली झाडाखाली पिशव्यांचा ढीग, त्याच्या शेजारी मनोहरराव उभे, कपाळावर हात धरून वर पाहत होते. रंजू “बाबा! बाबा!” ओरडत होती. त्यांनी हात हलवला. जोरजोरात हलवत होते.

“दुसऱ्याच डब्याकडे पाहून हालवून राह्यले,” सुमनताई म्हणाल्या.

पोरी हात हलवत राहिल्या. सुमनताईंनी नाही हलवला.

परतीच्या वाटेवर मी काकाजींचं वाक्य आठवलं, कोणाची ना नसली तर. ग्वाल्हेर सोडल्यावर एकेका बाईला जाऊन विचारलं. वानखेडेबाईंना सगळं सांगावं लागलं. “अवं माय,” म्हणाल्या, “अन् मी टपालखातं म्हणलं.” लगेच आपली पिशवी उचलून बायांमधल्याच मागच्या सीटवर गेल्या. एकाही बाईनं ना म्हटलं नाही. चहाच्या थांब्यावर मी मनोहररावांना सांगितलं, “पुढं बसायचं आहे तुम्हाला. सगळ्यांना विचारलंय.”

ते आले. सीटच्या अगदी कडेला, अर्धे वाटेत. मी पुढच्याच सीटवर होते, कान मागं लावून. लाज वाटते सांगायला, पण कोणाचे लागले नसते?

बराच वेळ नुसता इंजिनचा आवाज.

“पोरी झोपल्या?” मनोहररावांनीच विचारलं.

“झोपल्या.”

मग मनोहरराव घसा साफ करून म्हणाले, “त्या झुल्यातून काय दिसे?”

सुमनताई त्यांच्याकडे वळल्या, लुगड्याचा आवाज झाला. “तुम्ही दिसत होते,” म्हणाल्या.

देवा, मी हाताची मूठ दाताखाली धरली. ते काहीतरी बोलणार होते. श्वास घेतलेला मला ऐकू आला.

आणि मागून आवाज, “मनोहरराव! पुढं थंडी कमी हाय का हो?” दुसरा म्हणाला, “पदराखाली ऊब असते बावा!” पत्तेवाले सगळे खदाखदा हसले.

मनोहरराव ताठ झाले. सुमनताईंचा आवाज आला, एकदम हळू. “हासू द्या. बसा.”

ते बसले. पण पुन्हा बोलले नाहीत. डिझेलला गाडी थांबली तेव्हा सगळ्यांबरोबर खाली उतरले, आणि चढताना आमच्या सीटपाशी क्षणभर थांबून मागं निघून गेले. सुमनताई खिडकीकडे सरकून बसल्या होत्या. मांडीवरची पिशवीसुद्धा त्यांनी खाली ठेवली होती, जागा मोठी दिसावी म्हणून. ती जागा तशीच राहिली. वानखेडेबाई मागच्या सीटवर अवघडून बसून होत्या, तरी तिथं आल्या नाहीत. भोपाळच्या पुढं सुमनताईच म्हणाल्या, “या बाई, बसा. पाय दुखले असतीन.”

मला राहवेना. बैतूलला चहाच्या टपरीवर मी मनोहररावांना गाठलं.

“काऊन उठले?”

“लोकं हासून राह्यले न, मॅडम.”

“दोन टवाळ हसले! त्या ‘बसा’ म्हणाल्या, ते ऐकलं ना?”

“ऐकलं.”

“मग?”

ते कपातल्या चहाकडे पाहत होते. “तुम्हाले नाई समजत. बाप्यांत राहा लागते. जिनिंगमध्ये यातले दोघं माह्यासंगच हाय.” मग म्हणाले, “मले बोलायचं होतं. जातानापासून जुळवून राह्यलो होतो. आता जुळलंच होतं.”

“मग चला ना, आत्ता सांगा! मी येते सोबत.”

“घरी सांगीन.”

“कुठलं घर मनोहरराव? वर्धा आलं की त्या सांगणार आहेत, देवळी का आष्टी. माहीत आहे ना तुम्हाला?”

माहीत होतं त्यांना. त्यांनी उरलेला चहा मातीत ओतला, कप टपरीवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. मागं.

वर्ध्याला काकाजी ऑफिसच्या दारात उभे होते. लोक उतरता उतरता सांगत होते, लय मजा आली, पुढच्या वर्षी आमच्या भावाची फॅमिली पण येणार. काकाजी माझ्याकडे पाहून मान हलवत होते, मानलं तुला, अशी. सुमनताईंचा भाऊ घ्यायला आला होता. सुमनताईंनी पोरींचे स्वेटर नीट केले आणि भावाला विचारलं, “आष्टीची गाडी कवा हाय?”

एवढंच. निवाडा तो एवढाच. मनोहरराव दोन हातांवर होते, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी सुमनताईंची वळकटी खांद्यावर घेतली, पोरींची पेटी हातात, स्टँडवर गेले, आष्टीच्या गाडीच्या टपावर चढले, सामान दोरीनं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. खाली उतरून पोरींच्या हातात लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

“बाबा, तुम्ही कवा येसान?” रंजूनं विचारलं.

“येईन.”

मी खिडकीशी गेले. मला रडू येत होतं. “ताई, अजून एकदा तरी...”

“तुमचं काई चुकलं नाई, कुंदाताई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त जागा करून देली. त्याच्यानंतर मी बी ठेवली. अख्ख्या गाडीनं पाह्यली रिकामी सीट. आता बैठकीत कोणी विचारणार नाई, काय दुखते तुले.”

गाडी गेली. मनोहरराव देवळीच्या फलाटावर जाऊन उभे राहिले.

पोरींची नावं आता आष्टीच्या शाळेत आहेत. सुमनताई ब्लाउज शिवतात, बरं चाललं आहे, असं त्यांच्या भावानं सांगितलं. पार्काची गाडी धंद्याला चांगली निघाली. पुढच्या सुट्टीत काकाजींनी दोन काढल्या. मी त्यांच्याशी इतकी भांडले, इतकी भांडले की शेवटी म्हणाले, “जा, एका गाडीत बसव फॅमिलीवार. पाहू.” मी तक्ता टाइप केला, दाराला चिकटवला, लोक त्याप्रमाणे बसले. बंडूभाऊ परत आल्यावर हसत हसत सांगत होते, नागपूरच्या पहिल्या चहापर्यंत सगळं ठीक होतं. चहा घेऊन चढले ते आपोआप बाया पुढं, बाप्ये मागं. कोणी सांगितलं नव्हतं.

परवा मनोहरराव आले होते. बुधवारी पोरींना भेटायला जाताना आष्टीच्या बसला वेळ असला की आमच्या बाकावर बसतात, पोरींसाठी काही घेतलेलं असतं, बोलत काही नाहीत. काउंटरवर एक जोडपं होतं, नवरा बँकेत, कडेवर पोरगा. नवरा विचारत होता, एवढ्या लांब लेकरांना न्यायचं, तसं आहे का तिथं काही? मी तोंड उघडायच्या आत बाकावरून आवाज आला.

“लेकरं लय खूश होतात. जा तुम्ही.”

त्यांनी तिथल्या तिथं बुकिंग केलं. काकाजी नेहमी म्हणतात, जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडची जाहिरात सगळ्यात पक्की. मी पावती टाइप केली आणि त्या बाईंना देताना म्हटलं, काही बोलायचं राहिलं असेल तर वर्ध्यातच बोलून निघा. गाडीत जमत नाही.